जग कसे निर्माण झाले? इस्लामी विचारवंतांची उत्तरे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अल्लाहने जग निर्माण केले हे सगळेच मानतात, मग भांडण कशावरून?

'निर्माण केले' म्हणजे नेमके काय, यावरून. एके काळी जग नव्हते आणि मग झाले, हा एक अर्थ. जग आपल्या असण्यासाठी प्रत्येक क्षणी अल्लाहवर टेकलेले आहे, हा दुसरा. पहिल्या अर्थाने जग 'हादिस' ठरते, म्हणजे आरंभ असलेले. दुसऱ्या अर्थाने ते 'कदीम' असूनही निर्मित असू शकते. 'कदीम' हा शब्द आपल्याकडे वतनाच्या जुन्या कागदांत भेटतो, पण तिथे त्याचा अर्थ 'पूर्वापार चालत आलेले' एवढाच. या वादात कदीम म्हणजे ज्याला आरंभच नाही असे. अर्थांची ही गल्लत झाली की पुढचे काहीच नीट कळत नाही.

कुरआनात सृष्टीची कथा एका जागी सांगितली आहे का?

नाही. बायबलच्या पहिल्या प्रकरणासारखी सलग कथा कुरआनात नाही, तुकडे विखुरलेले आहेत. 'कुन' (हो) म्हटले की ती गोष्ट होते, हे २:११७ (म्हणजे अध्याय २, आयत ११७) आणि ३६:८२ मध्ये. सहा दिवसांचा उल्लेख ७:५४, ११:७, ५०:३८ आणि आणखी काही ठिकाणी. त्याचे सिंहासन (अर्श) पाण्यावर होते, हे ११:७ मध्ये. आकाश आधी धूर होते, हे ४१:११ मध्ये. आकाश आणि पृथ्वी जोडलेली होती, मग वेगळी केली आणि प्रत्येक सजीव पाण्यापासून केला, हे २१:३० मध्ये. हे तुकडे कोणत्या क्रमाने लावायचे, हेच भाष्यकारांचे काम होऊन बसले.

४१:९-१२ मध्ये बेरीज आठ दिवस होते. मग सहा कसे?

तिथे पृथ्वीसाठी दोन दिवस, डोंगर आणि अन्नसाठा यांसाठी चार, आणि सात आकाशांसाठी दोन असे आकडे येतात. भाष्यकारांचे सर्वमान्य उत्तर असे की चारमध्ये आधीचे दोन धरलेले आहेत. मुंबईहून पुण्याला तीन तास लागले आणि साताऱ्याला पाच, असे आपण म्हणतो तेव्हा एकूण आठ तास कोणी मोजत नाही. तसेच हे.

आधी पृथ्वी की आधी आकाश?

२:२९ आणि ४१:९-१२ वाचले तर आधी पृथ्वी. ७९:२७-३० वाचले तर आकाश उभारल्यानंतर पृथ्वी 'पसरली'. पैगंबरांचे चुलतभाऊ आणि आरंभीचे भाष्यकार इब्न अब्बास यांच्या नावावर आलेला तोडगा असा: पृथ्वी आधी निर्माण झाली पण पसरलेली नव्हती, मग आकाशे झाली, मग पृथ्वी पसरून तिच्यातून पाणी आणि कुरणे बाहेर काढली. काही भाष्यकार वेगळी वाट धरतात. 'सुम्म' (मग) हा शब्द अरबीत दर वेळी काळाचा क्रम दाखवत नाही, कधी नुसता 'शिवाय' एवढाच अर्थ देतो, असे ते म्हणतात.

हे दिवस चोवीस तासांचे होते का?

सूर्यच नव्हता तर दिवस कसले, हा प्रश्न जुन्या भाष्यकारांनाही पडला होता. २२:४७ मध्ये अल्लाहकडचा एक दिवस हजार वर्षांसारखा, तर ७०:४ मध्ये पन्नास हजार वर्षांचा दिवस येतो. भाष्यकार आणि इतिहासकार अत-तबरी (८३९-९२३) आपल्या इतिहासाची सुरुवातच सृष्टीपासून करतात आणि हजार वर्षांचा एक दिवस धरणाऱ्या परंपरा देतात. आरंभ शनिवारी झाला की रविवारी, याचीही ते चर्चा करतात आणि रविवारच्या बाजूने झुकतात.

शनिवारचे प्रकरण नाजूक आहे. 'माती शनिवारी निर्माण केली' अशी एक हदीस (पैगंबरांच्या नावावरचे वचन) इमाम मुस्लिम या संग्राहकांच्या संग्रहात आहे, पण तिच्या हिशेबाने दिवस सहा नव्हे, सात होतात. बुखारी यांच्यासह काही हदीस-परीक्षकांनी ते पैगंबरांचे वचन नसून कअब अल-अहबार या धर्मांतरित यहुदी विद्वानाचे सांगणे असल्याचे मत दिले. संग्रहात आली म्हणून प्रत्येक हदीस सारख्याच वजनाची, असा समज असेल तर तो इथे तपासून घ्यावा.

सगळ्यात पहिली निर्मिती कोणती?

एका हदीसमध्ये लेखणी (कलम). दुसऱ्या हदीसमध्ये आकाश आणि पृथ्वी होण्याच्या पन्नास हजार वर्षे आधी सगळ्यांची मापे, म्हणजे नशिबे, लिहिली गेली आणि तेव्हा अर्श पाण्यावर होता. मग लेखणी आधी की अर्श? अनेकांनी लेखणीचे 'पहिलेपण' सापेक्ष मानले, म्हणजे आपल्याला दिसणाऱ्या या जगाच्या मानाने पहिली. 'पहिल्यांदा बुद्धी (अक्ल) निर्माण केली' हे वचन तत्त्ववेत्त्यांना (ग्रीक तत्त्वज्ञानाच्या वाटेने जाणाऱ्यांना) आणि इस्माइली या शिया पंथाच्या विचारवंतांना फार सोयीचे होते. सुन्नी हदीस-परीक्षकांनी ते बनावट ठरवले.

कुरआन 'शून्यातून निर्मिती' असे स्पष्ट म्हणते का?

शब्दशः नाही, आणि वादाची खरी मेख इथेच आहे. इम्रान बिन हुसैन यांच्या हदीसमध्ये 'अल्लाह होता आणि त्याच्याखेरीज काही नव्हते' असे आहे, पण त्याच हदीसच्या दुसऱ्या पाठात 'त्याच्याआधी काही नव्हते' असे शब्द आहेत. एका शब्दाने सगळा अर्थ फिरतो. इब्न तैमिय्या (१२६३-१३२८) यांनी दुसरा पाठ धरला आणि असे मांडले की प्रत्येक निर्मित वस्तूला आरंभ आहे, पण निर्मितीच्या ओघाला आरंभ नाही. अल्लाह कधीच निष्क्रिय नव्हता. कडव्या सनातन्याचे म्हणून ओळखले जाणारे हे नाव तत्त्ववेत्त्यांच्या इतके जवळ जाते, याचे अनेकांना आश्चर्य वाटते.

जगाला आरंभ आहे हे मुतकल्लिम कसे सिद्ध करत?

मुतकल्लिम म्हणजे कलामचे, तर्काने धर्मशास्त्र मांडणारे पंडित. अल-जुवैनी (१०२८-१०८५) यांनी दिलेला साचा चार पायऱ्यांचा आहे:

१. वस्तूंना 'अरज' म्हणजे येणारे-जाणारे गुण असतात: गती, स्थिती, जवळ असणे, दूर असणे, रंग.

२. हे गुण हादिस आहेत. स्थिर दगड हलला की स्थिती संपते, आणि जे संपते ते कदीम असू शकत नाही.

३. कोणतीही वस्तू या गुणांवाचून राहू शकत नाही. ती एक तर हलत असते किंवा थांबलेली असते.

४. आरंभ असलेल्या घटनांची साखळी मागे अनंतापर्यंत जाऊ शकत नाही.

म्हणून वस्तूही हादिस. हादिसला कोणीतरी अस्तित्वात आणावे लागते, आणि ते आता की नंतर हे ठरवायला इच्छाशक्ती लागते. नुसते यांत्रिक कारण पुरत नाही.

हा पुरावा गळतो तो बहुधा चौथ्या पायरीवर. ती सोडून दिली तर 'प्रत्येक लाट नवी, म्हणून समुद्रही नवा' अशी चूक होते. सुरुवातीच्या मांडण्यांत ती पायरी कच्ची होती. दुसरा धक्का दुसऱ्या पायरीला बसतो. गती नाहीशी झाली नाही, नुसती लपली, असे कोणी म्हटले तर? अन-नज्जाम हे बसऱ्याचे मुअतजिली (कलामच्या एका बुद्धिवादी पंथाचे) पंडित लाकडात अग्नी लपलेला असतो असेच मानत. या मताला 'कुमून' म्हणतात. विरोधकांचे उत्तर: मग एकाच दगडात गती आणि स्थिती एकाच वेळी असतात असे मानावे लागेल.

कलामचे अणू म्हणजे कणादाचे परमाणूच का?

दिसायला जवळचे, स्वभावाने उलटे. कणादाच्या वैशेषिक दर्शनातले परमाणू नित्य आहेत. प्रलयातही ते सुटे होऊन उरतात. कलाममधला अणू (जौहर फर्द) स्वतः निर्मित आहे, आणि अशअरी (अल-अशअरी यांच्या कलाम-पंथाच्या) मतानुसार त्याचे गुण दोन क्षणही टिकत नाहीत. अल्लाह ते दर क्षणी नव्याने घालतो. एक वस्तू व्हायला किमान किती अणू लागतात यावरही रणे माजली: अबुल हुजैल म्हणाले सहा, मुअम्मर म्हणाले आठ, अल-अशअरी यांनी दोनांवर भागवले. जाता जाता: आपले 'जवाहीर' हे याच 'जौहर'चे अनेकवचन.

इब्न सीना यांच्या मते जग अल्लाहपासून 'पाझरते'. म्हणजे कसे?

शब्द आहे 'फैज', भरून ओसंडणे. अल-फाराबी (मृत्यू ९५०) यांनी ही मांडणी उभी केली आणि इब्न सीना (९८०-१०३७) यांनी ती घट्ट केली. मूळ नियम: एकापासून एकच निघते. अल्लाह सर्वार्थाने एक, म्हणून त्याच्यापासून थेट एकच गोष्ट निघते, ती पहिली बुद्धी, म्हणजे शरीर नसलेले एक चेतन तत्त्व. ही बुद्धी तीन गोष्टींचे चिंतन करते. आपल्या मूळाचे चिंतन केल्याने दुसरी बुद्धी निघते. आपण मूळामुळे अनिवार्य आहोत या चिंतनातून सर्वांत बाहेरच्या खगोलाचा (पृथ्वीभोवती फिरणाऱ्या पोकळ गोलाचा) आत्मा निघतो. आपण स्वतःपुरते केवळ शक्य आहोत (असू शकतो, नसूही शकतो) या चिंतनातून त्या खगोलाचे शरीर निघते. मग दुसरी बुद्धी हेच करते, तिसरी हेच. बाहेरचा खगोल, स्थिर तारे, शनी, गुरू, मंगळ, सूर्य, शुक्र, बुध, चंद्र असे नऊ खगोल झाले की दहावी बुद्धी उरते. तिच्यापासून आपल्या या पृथ्वीवरच्या वस्तूंची रूपे येतात.

हे सगळे काळात घडत नाही. किल्ली आणि हात एकाच वेळी हलतात, तरी किल्ली हातामुळे हलते. जगाचे मूळाशी नाते तसे.

कुरआनातली आकाशे सात, खगोल नऊ. हे जुळवले कसे?

ग्रहांचे सात खगोल म्हणजे सात आकाशे. स्थिर ताऱ्यांचा आठवा म्हणजे कुर्सी (कुरआनात उल्लेख असलेले अल्लाहचे आसन). बाहेरचा नववा म्हणजे अर्श. पृथ्वी मध्यभागी धरणारे टॉलेमीचे खगोलशास्त्र चालू होते तोवर हे जमले. कुरआनातल्या आकड्यावर त्या काळचे विज्ञान बसवले की पुढे काय होते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

गझाली यांनी नेमके काय खोडले?

'तहाफुत अल-फलासिफा' (१०९५) या ग्रंथात वीस मुद्दे आहेत. त्यांपैकी तीन मतांना अशअरी पंडित अबू हामिद अल-गझाली (१०५८-११११) धर्मबाह्य ठरवतात: जग कदीम आहे, अल्लाह फक्त सामान्य गोष्टी जाणतो आणि एकेक व्यक्ती-वस्तू नाही, आणि मृतांचे शरीरासह पुनरुत्थान नाही. सर्वांत लांब चर्चा पहिल्याची.

तत्त्ववेत्त्यांचा भक्कम प्रश्न असा होता: अल्लाह बदलत नाही, मग जग अमुक क्षणीच का झाले? आधीच्या क्षणात आणि या क्षणात फरक काय? गझाली यांचे उत्तर: सारख्या गोष्टींतून एक निवडणे हेच इच्छेचे काम. भुकेल्या माणसापुढे अगदी सारखे दोन खजूर ठेवा. तो एक उचलेलच, उपाशी मरणार नाही. पुढे ते डाव उलटवतात. खगोल सगळीकडे सारखा गोल आहे असे तुम्हीच म्हणता, मग ध्रुव याच दोन बिंदूंवर का? एक खगोल पूर्वेकडून आणि दुसरा पश्चिमेकडून का फिरतो? तिथे तुम्हालाही सारख्यातून निवड मानावी लागते.

मग आकडेमोड. जगाला आरंभ नसेल तर सूर्याच्या फेऱ्या अनंत. शनी तीस वर्षांत एक फेरी घालतो, म्हणजे त्याच्या फेऱ्या सूर्याच्या एक-तीसांश; गुरूच्या फेऱ्या सूर्याच्या एक-बारांश; स्थिर ताऱ्यांची फेरी त्या काळच्या हिशेबाने छत्तीस हजार वर्षांची. एक अनंत दुसऱ्या अनंताच्या तिसाव्या भागाइतका कसा? आणि झालेल्या फेऱ्यांची संख्या सम की विषम?

'एकापासून एक' या नियमावर त्यांचा हल्ला आणखी बोचरा आहे. नियम खरा असेल तर जग म्हणजे एकेकट्या वस्तूंची एक साखळी व्हायला हवी. पहिल्या बुद्धीत तीन पैलू आले कुठून? असे स्वप्न कोणी सांगितले तर त्याची प्रकृती बिघडली आहे असे म्हणावे लागेल, असा शेरा ते मारतात.

एक गोष्ट मात्र सुटते बऱ्याच जणांच्या नजरेतून. या ग्रंथात गझाली जगाचा आरंभ सिद्ध करत नाहीत. ते विरोधकांचे पुरावे पाडतात, एवढेच.

मग जग निर्माण करण्याआधी अल्लाह काय करत होता?

गझाली म्हणतात, हा प्रश्नच उभा राहत नाही. काळ म्हणजे गतीचे माप आणि गती जगासोबत आली, म्हणून काळही निर्मित. जगाच्या 'पलीकडे' आणखी जागा असेल असे मनाला वाटते, पण तिथे काही नाही. तसाच हा 'आधी', निव्वळ कल्पनेची सवय.

इब्न रुश्द यांनी उत्तर दिले का?

सविस्तर, आणि तेही ओळीवर ओळ घेऊन. स्पेनमधल्या कुर्तुब्याचे (कॉर्डोबाचे) काझी इब्न रुश्द (११२६-११९८) 'तहाफुत अत-तहाफुत'मध्ये गझाली यांचा मजकूर उतरवतात आणि खाली उत्तर लिहितात. झालेल्या फेऱ्या एकाच वेळी अस्तित्वात नसतात, म्हणून त्यांना सम-विषम लागू नाही, हे त्यांचे म्हणणे. पण गझाली यांनी ही फट आधीच हेरली होती. इब्न सीना मेलेल्या माणसांचे आत्मे टिकतात असे मानतात. जग कदीम असेल तर आज अनंत आत्मे एकत्र अस्तित्वात आहेत, आणि ते मोजता यायला हवेत. हा बाण इब्न सीना यांना लागतो.

इब्न रुश्द यांचा सर्वांत धारदार मुद्दा कुरआनाबद्दल आहे. ११:७ मध्ये आकाश-पृथ्वीच्या आधी अर्श आणि पाणी आहे, ४१:११ मध्ये धूर आहे. अल्लाह निव्वळ अभावासोबत होता असे कुठेच लिहिलेले नाही. म्हणजे मुतकल्लिमही अक्षरशः अर्थ घेत नाहीत, तेही अर्थ लावतातच. मग अर्थ लावला म्हणून दुसऱ्याला काफिर कसे ठरवता? 'गझाली यांनी तत्त्वज्ञान संपवले, इब्न रुश्द हरले' या लोकप्रिय वाक्यात या युक्तिवादाला जागाच राहत नाही.

आरंभ मानणारे मुतकल्लिम आणि जग कदीम मानणारे तत्त्ववेत्ते, सगळे या दोन गटांतच बसतात का?

मुळीच नाही. अल-किंदी (मृत्यू सुमारे ८७३) तत्त्ववेत्ते असून आरंभाच्या बाजूचे. सहाव्या शतकातल्या अलेक्झांड्रियाचे ख्रिस्ती पंडित फिलोपोनस यांचे अनंताविरुद्धचे युक्तिवाद त्यांनी वापरले. इब्न तुफैल यांच्या तत्त्वज्ञानकथेतला एकांत बेटावर वाढलेला नायक दोन्ही बाजू तोलतो, निर्णय करत नाही, आणि दोन्हींतून अशरीरी कर्त्यापर्यंत पोचतो. माझ्या मते फखरुद्दीन अर-राजी (मृत्यू १२१०) यांचे धाडस मोठे: आयुष्यभर कलाम लिहून शेवटच्या मोठ्या ग्रंथात ते मान्य करतात की या प्रश्नावर तर्काने निर्णायक निकाल लागत नाही.

वैद्य अबू बक्र अर-राजी (मृत्यू ९२५) तर पाच गोष्टी कदीम मानत: निर्माता, आत्मा, द्रव्य, काळ, अवकाश. अजाण आत्म्याला द्रव्याचा मोह पडला, म्हणून निर्मात्याने जग घडवले आणि परतीची वाट दिसावी म्हणून बुद्धी दिली. या मताचे वारस फार थोडे निघाले.

भारतीय कल्पना त्यांना ठाऊक होत्या का?

अल-बिरूनी (९७३-सुमारे १०५०) यांना उत्तम. सुमारे १०३० मध्ये लिहिलेल्या भारतविषयक ग्रंथात ते ब्रह्मदेवाच्या एका दिवसाची, म्हणजे कल्पाची, ४ अब्ज ३२ कोटी वर्षे नोंदवतात. त्यांचे निरीक्षण नेमके आहे: हिंदू 'निर्मिती' म्हणतात तेव्हा अभावातून वस्तू आणणे असे त्यांना म्हणायचे नसते, तर मातीच्या गोळ्याला आकार द्यावा तसे असलेल्या द्रव्याला रूप देणे. मडके घडवणारा कुंभार डोळ्यांपुढे आणला की हे लगेच पटते.

सूफी काय म्हणतात?

स्पेनमधल्या मुर्सियात जन्मलेले इब्न अरबी (११६५-१२४०) निर्मितीला 'रहमानचा (परमदयाळू अल्लाहचा) श्वास' म्हणतात. श्वासातून अक्षरे उमटतात, तशी वस्तूंची रूपे. अरबीची अठ्ठावीस अक्षरे ते विश्वाच्या अठ्ठावीस पातळ्यांशी जोडतात. ५०:१५ मधल्या 'नव्या निर्मिती'वरून ते सांगतात की जग दर श्वासाला नवे होते. 'मी लपलेला खजिना होतो, मला ओळखले जावे असे वाटले, म्हणून सृष्टी केली' हे वचन आपल्याकडे कव्वालीतही ऐकू येते. त्याला सनद (सांगणाऱ्यांची साखळी) नाही, असे हदीस-परीक्षक म्हणतात; इब्न अरबी यांना ते अंतःप्रकाशाने खरे वाटले.

मुल्ला सद्रा यांनी नवे काय केले?

शिराजचे हे सतराव्या शतकातले विचारवंत म्हणाले, फक्त गुण बदलत नाहीत, वस्तूचे द्रव्यच क्षणाक्षणाला वाहते. मग जगाला एक पहिला दिवस शोधायची गरज उरत नाही. प्रत्येक क्षणी ते हादिसच असते. कलामचा निष्कर्ष आणि इब्न सीनांचा ओघ त्यांनी अशा रीतीने एका घरात आणले.

२१:३० मध्ये बिग बँग आहे का?

'जोडलेली होती, मग वेगळी केली' या शब्दांचे जुने अर्थ किमान दोन. एक: आकाश-पृथ्वी चिकटलेली होती. दुसरा: आकाश पावसाला बंद होते, जमीन रोपांना बंद होती, मग दोन्ही उघडली. तबरी यांना दुसरा पटतो, कारण लगेच पुढे पाण्याचा उल्लेख आहे. ५१:४७ मधल्या 'मूसिऊन'चा अर्थ आज 'आम्ही विस्तारत आहोत' असा केला जातो. जुन्या भाष्यांत 'आम्ही समर्थ आहोत' हाही आहे. नवा अर्थ काढायला कोणाची आडकाठी नाही, पण तो पहिल्यापासून सगळ्यांना ठाऊक होता असे म्हणणे चूक.

दहाव्या शतकातल्या 'इख्वान अस-सफा'ने उत्क्रांती सांगितली, हे खरे?

ताणलेले. बसऱ्याच्या या मंडळींच्या लेखांत खनिज, वनस्पती, प्राणी, माणूस अशी शिडी आहे. खजुराचे झाड वनस्पतींत सर्वांत वर, कारण त्यात नर-मादी वेगळे आणि शेंडा छाटला की ते मरते. पण ही पायऱ्यांची उतरंड आहे. एका जातीपासून दुसरी जात पिढ्यान्‌पिढ्या बदलत होते असे त्यात नाही.

मराठी अनुवादात सगळीकडे 'निर्माण केले' असेच दिसते. मूळ शब्द एकच आहे का?

नाही, आणि बराचसा घोळ त्यामुळेच होतो. 'खल्क'च्या मुळाशी मापाचा अर्थ आहे. चांभार चामडे कापण्याआधी आखून घेतो, त्यालाही अरबीत हेच क्रियापद. 'इब्दाअ' म्हणजे पुढे नमुना नसताना करणे. इब्न सीना आणि इस्माइली यांचा हा लाडका शब्द. 'इहदास' म्हणजे काळात सुरू करणे, हा मुतकल्लिमांचा. 'तकवीन' म्हणजे अस्तित्वात आणणे. समरकंदच्या अल-मातुरीदी (मृत्यू ९४४) यांचे अनुयायी हा अल्लाहचा कदीम गुण मानतात, अशअरी मानत नाहीत. वाचताना कंसात मूळ शब्द देणारा अनुवाद घ्यावा.

कुरआनात अल्लाहसाठी आलेला 'फातिर' (निर्माता) हा शब्द तर अरबांनाही सोपा नव्हता. इब्न अब्बास यांना त्याचा अर्थ लागत नव्हता असे सांगतात. मग दोन बदू (वाळवंटातले भटके अरब) एका विहिरीवरून भांडत त्यांच्याकडे आले आणि त्यांतला एक म्हणाला, 'अना फतर्तुहा', म्हणजे ती खणायला पहिल्यांदा मीच सुरुवात केली.